इलाही पिंजाऱ्याचं एकच खोटं

दौंडात इलाही पिंजाऱ्याइतकं नाक मुरडणारा माणूस दुसरा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतकं नाक मुरडायचं कारणही दुसऱ्या कुणाला नव्हतं. वर्षाचे आठ महिने लोकांच्या जुन्या गाद्या उसवायच्या, हा त्याचा धंदा. गादी उसवली की घरातलं सगळं बाहेर येतं. कुणाचं पोरगं अजून गादी ओली करतंय, कुणाकडं ढेकणांची वस्ती आहे, कुठला म्हातारा अंथरुणाला खिळलाय, हे इलाहीला त्या घरातल्या सुनेच्या आधी कळायचं. बरं, तो कापूस नुसता बघून भागत नव्हतं. धनुकलीवर घेऊन पिंजायचा, म्हणजे ती सगळी घाण बारीक होऊन नाकातोंडात जायची. संध्याकाळी घरी आला की त्याची बायको हुसेनबी त्याला उंबऱ्याबाहेरच उभं करून दोन कळश्या ओतायची. तरी जेवायला बसल्यावर हा भाकरीचा वास घेऊन बघणार! ती भाकरी आहे, गादी नव्हे, असं हुसेनबी रोज सांगायची आणि तो रोज वास घ्यायचा.

पावसाळ्यात कापूस सर्द होतो, पिंजला जात नाही. ते चार महिने इलाही नदीवर, लोकांना पाणी कापायला शिकवत, काढायचा. रेल्वेच्या पुलाच्या वरच्या अंगाला भीमेत एक जुना बंधारा कधीतरी बुडालेला होता. पाणी त्याच्या दगडावरून घसरून खाली यायचं आणि पुढं लाटांवर लाटा करत उथळ वाळूवर पसरायचं. खाली मऊ वाळू, पाणी गुडघ्याला, फार तर कमरेला. नवशिक्याला याहून चांगली जागा साऱ्या तालुक्यात नव्हती. इलाहीनं कवठे येमाईच्या एका सुताराकडून पांगाऱ्याची लांब फळी करून घेतली होती. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, पाण्यावर फुलासारखं तरंगतं. बंधाऱ्याखाली फळीवर पालथं पडायचं, इलाहीनं मागून ढकललं की लाटेबरोबर घसरत थेट वाळूपर्यंत यायचं. मग गुडघ्यावर. मग, ज्याच्या पायात दम असेल त्यानं, उभं राहून.

आता लोक शिकायला यायचे ते काही गुलाबपाणी लावून येत नव्हते. रेल्वेतले कारकून यायचे, दुकानदार यायचे, शेतकऱ्यांची तरणी मुलं यायची. कुणी तंबाखूची गुळणी पाण्यातच सोडायचा. कुणी नाक शिंकरून तोच हात इलाहीच्या खांद्यावर ठेवायचा. कुणी भीतीनं पाण्यात काय करायचा ते सांगायला नको. इलाही तोंड वाकडं करायचा, शिव्या घालायचा, “माणसं हायत का डुकरं!” म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फळी डोक्यावर घेऊन पुन्हा हजर. हुसेनबी म्हणायची, एवढी किळस येते तर जाता कशाला? तो म्हणायचा, गादीतली घाण तशीच राहते, नदीतली निदान वाहून तरी जाते.

त्याचा एक कायदा होता, आणि त्याला साऱ्या दौंडात मान होता. फळीवर उभं राहता आलं म्हणजे शिकला, असं तो धरत नव्हता. उभं राहणं ही त्याच्या लेखी नाटकातली पोझ. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला खोल डोह होता आणि डोहापलीकडं काळा खडक. शिकणाऱ्याला इलाही फळीवर घालून डोहाच्या मध्यावर न्यायचा, आणि तिथं फळी काढून घ्यायचा. माणसानं हातपाय मारत खडक गाठायचा, हात लावायचा आणि परत काठाला यायचं. आला, तर इलाही काठावर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं तीनदा म्हणायचा, “सुटला.” मग त्या माणसाच्या घरून एक नारळ यायचा, तो तिथंच फोडायचा आणि हजर असतील त्यांनी खायचा. इलाही आपल्या तुकड्याचा आधी वास घ्यायचा.

हा नुसता मानपानाचा मामला नव्हता. पलीकडच्या गावांतल्या बाया भाजीच्या पाट्या घेऊन बाजाराला दौंडात यायच्या. रेल्वेच्या पुलावरून पायी जायची बंदी, चौकीदार हाकलून द्यायचा. नावेचा तळ उतारावरच्या, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेवरच्या, दगडांना लागायचा. तेव्हा पाणी छातीला असलं की बाया उतारावरूनच पार व्हायच्या, आणि त्यांना सोबत करायचे ते इलाहीनं सोडवलेले लोक. एका हातात फळी, दुसऱ्या हातात बाईचा हात. बाई फक्त एवढंच विचारायची की हा सुटलेला आहे का? काठावरचे हो म्हणाले की डोळे मिटून हात द्यायची. पंधरा वर्षांत इलाहीनं तीस-पस्तीस माणसं सोडवली आणि त्यातल्या एकाच्याही हातून कधी कुणा बाईचा हात सुटला नाही.

सत्तावन्न साली या सगळ्यात पोपटराव आला. पोपटराव भाजीचा अडत्या. अंगानं भरलेला, डोक्याला एवढं तेल की तो पाण्यात उतरला की मागं तवंग पसरायचा. इलाहीला तो तवंग बघूनच मळमळायचं. पण माणूस जिद्दीचा, हे मान्य करायला पाहिजे. दीड महिन्यात तो फळीवर उभा राहिला. उभा राहिला म्हणजे काय, हात पसरून, छाती काढून, काठावरच्या लोकांकडं बघत वाळूपर्यंत यायचा आणि उतरताना मिशीवरून हात फिरवायचा. लोकही वाहवा करायचे. मात्र डोहाचं नाव काढलं की त्याला दुकान आठवायचं. एकदा इलाहीनं त्याला जबरदस्तीनं मध्यावर नेलं आणि फळी ओढली, तर या बाबानं इलाहीच्याच गळ्याला मिठी मारली, नखं रुतवली, आणि दोघं कसेबसे काठाला आले. त्या तेलकट मिठीचा वास इलाहीच्या नाकातून चार दिवस गेला नाही.

पोपटरावाच्या लेकीचं लग्न वडगाव रासाईला ठरत होतं. गाव नदीकाठचं, पाण्यात वाढलेली माणसं. होणाऱ्या व्याह्यांपुढं पोपटरावानं फुशारकी मारून ठेवली होती की आपण इलाहीमामाचे सुटलेले आहोत. आता व्याही बघायला येणार होते. पोपटराव एके दिवशी इलाहीच्या घरी येऊन बसला आणि म्हणाला, तेवढं तीनदा म्हणून टाका. इलाहीनं त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. डोह पार करा, तीनदा काय, तीसदा म्हणतो.

मग पोपटरावानं दुसरी गोष्ट काढली, आणि ती इलाहीच्या बरोबर वर्मावर बसली. भाजीबाजारातला सडका माल अडत्यांच्या गाड्या नदीत टाकायच्या, तो नेमका बंधाऱ्याच्या वर. नासके कांदे, कुजलेली वांगी, कोबीचा चिखल, त्यावर माश्यांचे थवे. सगळं डोहातून खाली यायचं आणि शिकणाऱ्यांच्या अंगाला चिकटायचं. त्या वर्षी बऱ्याच जणांना खरूज उठली होती. इलाही दोन वर्षं अडत्यांच्या पाया पडत होता. एकदा तर गाडीसमोर आडवा पडला, तेव्हा गाडीवाल्यानं माल त्याच्या अंगावरच ओतला होता. आणि त्या अडत्यांचा पुढारी कोण, तर हाच पोपटराव. तो शांतपणे चहा पीत म्हणाला, “मामा, उद्यापास्नं येक गाडी तिकडं फिरकनार न्हाई. तुमचा येक शब्द, माझा येक शब्द.”

इलाहीला त्याच्या तोंडावर कप फेकावा असं वाटलं. घाण करणारे हे, आणि ती थांबवायची तर त्याचीही किंमत मागणारे हेच! पण त्याच्या डोळ्यांपुढं ती गाडी आली, खरजेनं भरलेले हात आले, आणि स्वच्छ डोह आला. रात्री त्यानं हुसेनबीला विचारलं. ती म्हणाली, तो काय डोहात उतरणार आहे का कधी? मिरवेल आणि गप बसेल. कुणाचं काय जातंय? इलाहीलाही ते पटलं, म्हणजे पटवून घेतलं त्यानं. डोह आपण पहाटेच पार केला, असं पोपटरावानं आधी सगळ्यांना सांगून ठेवलं. रविवारी वडगावचे व्याही काठावर उभे असताना पोपटराव फळीवर उभा राहून वाळूपर्यंत आला, आणि इलाहीनं जमिनीकडं बघत तीनदा म्हटलं. नारळ फुटला. इलाहीनं आपला तुकडा वास न घेताच वाळूत टाकून दिला.

गाड्या मात्र थांबल्या, हे कबूल करायला हवं. पंधरा दिवसांत पाणी असं झालं की डोहातले गोटे दिसायला लागले. लोक म्हणाले, मामा, तुम्ही जिंकलात. इलाही हूं म्हणायचा. त्याला त्या पाण्याचाच वीट आला होता. चूळ भरायला ओंजळीत घेतलं तरी तोंडाशी नेऊन परत सोडून द्यायचा. हुसेनबी म्हणायची, आता तर वास येत नाही ना? 

भादव्यातला बाजाराचा दिवस होता. दुपार कलल्यावर बाया परत निघाल्या. उतारावर पाणी छातीला लागत होतं आणि ओढ होती. सोपानराव, म्हणजे इलाहीचा सगळ्यांत चांगला शिष्य, सहा-सात बायांना सोबत करून पलीकडं गेला होता. मागं राहिली एकटी धुरपदा. चाळिशीची बाई, गवार-भेंडी विकायची, पाण्याला फार भ्यायची. रिकामी पाटी डोक्यावर घेऊन ती काठावर उभी होती. तिथंच पोपटराव पुन्हा आलेल्या आपल्या व्याह्यांना नदी दाखवत होता. व्याही सहज म्हणाले, तुम्हीच का पलीकडं सोडत नाही बाईला? धुरपदानं काठावरच्या लोकांना नेहमीचा प्रश्न विचारला. लोक हो म्हणाले, इलाहीमामानं सोडवलेत. पोपटरावानं एकदा व्याह्यांकडं बघितलं, एकदा पाण्याकडं बघितलं, आणि काठावर पडलेली एक फळी उचलली.

इलाही तिथून शंभर पावलांवर, खालच्या वाळूत, दोन नवशिक्यांना घेऊन उभा होता. त्यानं हे सगळं बघितलं. त्याला फक्त ओरडायचं होतं. धुरपदे, थांब, तो सुटलेला नाही! एवढं एक वाक्य. पण ते वाक्य तोंडातून बाहेर आलं की पंधरा वर्षांचा त्याचा शब्द उसवला जाणार होता, जुन्या गादीसारखा, सगळ्यांच्या देखत. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मनाशी म्हणाला, पाणी छातीलाच आहे, पाय टेकतात, जाईल पार. दहा पावलं गेलीही ती दोघं. इलाही मोजत होता.

मधल्या धारेत पोपटरावाचा पाय गोट्यावरून सरकला. फळी आडवी झाली आणि धारेनं ती फिरवली. माणसाच्या हातात त्या वेळी दोनच गोष्टी होत्या, एक फळी आणि एक बाई, आणि पोपटरावानं दोन्ही हातांनी फळी धरली. धुरपदा एकदा वर दिसली, मग नुसती पाटी दिसली.

इलाही तोवर पाण्यात होता. धार तिला खाली आणणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो वर न जाता आडवा गेला. एकदा हाताला लुगडं लागलं आणि सुटलं. दुसऱ्यांदा केस लागले. ते त्यानं मुठीत गुंडाळले आणि तिला ओढत वाळूवर आणलं. बाईला पालथं घालून पाठ दाबली. तिच्या तोंडातून पाणी आलं, दुपारचं खाल्लेलं आलं, सगळं इलाहीच्या हातांवर. आयुष्यभर नाक मुरडणाऱ्या त्या माणसानं ते पुसलंसुद्धा नाही.

काही वेळानं धुरपदा उठून बसली. भोवती माणसं जमली होती. तिनं पोपटरावाकडं बघितलंच नाही. ती इलाहीकडं बघत होती.

“तुमी म्हनला व्हता, मामा,” ती म्हणाली. “म्हनून मी हात दिला.”

तेवढ्यात पोपटराव आला, फळी काखेत, निथळत. त्यानं मोठ्यानं सांगायला सुरुवात केली की बाई घाबरली, बाईनं गळ्याला मिठी मारली, पाण्यात बाईमाणूस असलं की असंच व्हायचं, आपण होतो म्हणून फळी तरी वाचली. व्याह्यांनी मान डोलावली. काठावरच्या चार जणांनीही डोलावली, कारण ज्याला इलाहीनं सोडवलं तो चुकेल कसा? चुकली असणार ती बाईच. कुणीतरी तर धुरपदाला दटावलं, की पाण्यात असं धरायचं नसतं.  ती बिचारी आता स्वतःच विचार करायला लागली होती की आपण खरंच मिठी मारली होती की काय.

इलाही वाळूवर थुंकला. पोपटरावाची किळस त्याला नेहमीचीच होती, तिची सवय होती. ही दुसरी होती. ही त्याच्या स्वतःच्या जिभेची होती.

“बाईचं काय चुकलं न्हाई,” तो म्हणाला. “ह्यो सुटलेला न्हाई. डोह ह्यानं कवाच पार केला न्हाई. मी खोटं बोललो व्हतो. गाड्या थांबवतो म्हनला, म्हनून मी खोटं बोललो.”

 इलाही उभाच होता. त्याला वाटलं, आता कुणीतरी शिव्या घालेल, दगड मारेल, तोंडावर थुंकेल. त्याची तयारी होती. खरं तर त्याला ते हवंच होतं. पण मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक दुकानदार म्हणाला, जाऊ द्या मामा, बाई वाचली ना! दुसरा म्हणाला, गाड्या थांबल्या हे काय थोडं झालं? वडगावचे व्याही तेवढे पोपटरावाशी न बोलता स्टेशनाकडं चालू लागले आणि पोपटराव त्यांच्यामागं धावला. बाकीचे आपापल्या घरी गेले. धुरपदाला सोपानरावानं पार करून दिलं. जाताना तिनं त्याचा हात धरण्याआधी त्याला दोनदा वर-खाली न्याहाळून बघितलं.

त्या रात्री इलाही जेवला नाही. हुसेनबीनं ताट पुढं सरकवलं तर म्हणाला, हात धुऊन धुऊन दमलो, वास जात नाही. तिनं त्याचे हात आपल्या नाकाशी नेले. कसलाच वास नव्हता. कुणाचं काय जातंय असं आपणच म्हटलं होतं, हे तिला आठवलं असावं, कारण तीही तशीच उपाशी निजली.

पुढच्या रविवारी सकाळी त्याच्या दारात तीन जण येऊन उभे राहिले, तिघांच्याही हातात नारळ. एक रेल्वेतला कारकून, एक किराणा दुकानदार, एक बागाईतदाराचा मुलगा. तिघंही अजून फळीवर पालथं पडण्यापलीकडं गेले नव्हते. कारकून लाजत लाजत म्हणाला, सासुरवाडीला सांगायला बरं पडतं मामा, आमचंही तेवढं म्हणून टाका. तुमची काय अडचण असेल ती सांगा, रेल्वेत आपली ओळख आहे. दुकानदारानं अर्धं पोतं साखर बरोबर आणली होती. या लोकांना त्या दिवशी नदीवर काय ऐकू आलं होतं, तर एवढंच, की इलाहीचा शब्द मिळतो! मरता मरता वाचलेली बाई यांना दिसलीच नव्हती.

 इलाही आत गेला, धनुकली खुंटीवरून काढली आणि ओलसर, न पिंजला जाणारा कापूस उगाच पिंजत बसला. तिघं जण बराच वेळ दारात थांबले आणि साखर ठेवून निघून गेले. हुसेनबीनं ती ओढत त्यांच्यामागं रस्त्यावर नेऊन टाकली.

दुपारी सोपानराव आला. हा साधा, कमी बोलणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी भर श्रावणात, पाणी चढलेलं असताना, त्यानं डोह पार केला होता. दमला, मध्येच एकदा बुडाला, तरी खडकाला हात लावून परत आला. इलाहीला तो दिवस लख्ख आठवत होता.  सोपानराव उंबऱ्यावर बसला आणि पायाच्या नखानं माती उकरत बोलला.

“मामा, खरं सांगा. माज्या बापानं तुमास्नी काय दिलं व्हतं का?”

इलाहीच्या हातातली धनुकली थांबली. त्यानं सांगितलं की नाही. अल्लाची शपथ घेतली, हुसेनबीची घेतली. तू खडकाला हात लावलास, मी या डोळ्यांनी बघितलं, तू खरा सुटलास, असं त्यानं तीनदा सांगितलं, नदीकाठी सांगायचा तसंच. सोपानराव मान हलवत होता. मामा म्हणतात तर तसंच असेल, असं म्हणाला. पण ते तो इलाहीचं मन राखायला म्हणत होता, आणि ते दोघांनाही कळत होतं.

मग तो उठून नदीकडं गेला. थोड्या वेळानं इलाहीही मागोमाग गेला. सोपानरावानं धोतर काठावर काढून ठेवलं होतं. इलाही आल्याचं त्यानं बघितलं, पण हाक मारली नाही आणि फळीही मागितली नाही. तो एकटाच डोहात शिरला, काळ्या खडकाला हात लावला, परत आला, आणि अंग पुसून गुपचूप घरी गेला. इलाही काठावर उभा होता. त्याला कुणी काही म्हणायला सांगितलं नाही.